ब्राउझरचें दप्तर आणि आपली जमीन

पानशेत खोऱ्यांतील शेतकऱ्यास कागदाची किंमत कोणी शिकविण्याची गरज नाहीं. आंबी नदीवर धरण होऊन जमिनी पाण्याखालीं गेल्या, त्या वेळीं दप्तरांतील नोंदच काय ती मालकाच्या बाजूनें बोलत होती. म्हणूनच सातबारा, फेरफार व आठ-अ यांकडे आपण डोळ्यांत तेल घालून पाहतों. परंतु अलीकडे आपल्याविषयींचें आणखी एक दप्तर लिहिलें जात आहे. तें लिहिणारा तलाठी नव्हे, आणि त्याची नक्कल आपण होऊन आपणांस कोणी देत नाहीं. मोबाइलवरील ब्राउझर आपली जी माहिती जमवितो व इतरांस देतो, तेंच हें दप्तर होय.

महाभूलेखावर सातबारा पाहावयाचा असो कीं गुलटेकडीच्या बाजाराचे भाव, क्रोम, फायरफॉक्स किंवा सफारी यांपैकीं एखाद्या ब्राउझरवांचून तें पान उघडत नाहीं. पान मागतांना ब्राउझर त्या स्थळास आपल्या जोडणीचा क्रमांक, यंत्राची व ब्राउझरची जात, पसंतीची भाषा, आणि पुष्कळदां आपण कोणत्या स्थळावरून आलों हेंही कळवितो. जोडणीच्या क्रमांकावरून शहर वा जिल्हा अदमासें कळतो. नेमकें ठिकाण मात्र ब्राउझर परवानगीवांचून देत नाहीं. सबब परवानगी मागणारी चौकट पुढें येतांच न वाचतां ‘होय’ म्हणणें हें कोऱ्या कागदावर आंगठा उठविण्यासारखें आहे.

दुसरी गोष्ट कुकीची. १९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू माँटुली यांनीं ती योजिली, तेव्हां हेतु सरळ होता. एकदां आलेलें गिऱ्हाईक पुन्हां आल्यास दुकानास ओळखतां यावें, एवढ्यासाठीं त्याच्याच यंत्रावर ठेविलेली ही खूणचिठ्ठी. ती नसेल तर बँकेच्या स्थळावर पानोपानीं आपली ओळख पटवावी लागेल. तेव्हां कुकी मुळांत वाईट नव्हे. वाईट आहे ती परक्याची कुकी. एकच जाहिरातदार अनेक स्थळांवर आपला हस्तक बसवितो आणि सकाळीं बियाणें, दुपारीं पीककर्ज, रात्रीं औषधोपचार असें आपण जें जें पाहिलें तें एकाच खातीं मांडितो. सफारीनें २०२० पासून अशा कुकी सरसकट अडविल्या. फायरफॉक्सनें २०२२ पासून प्रत्येक स्थळाच्या कुकी वेगवेगळ्या कोंडल्या. क्रोमच्या मालक गूगल कंपनीनें त्या बंद करण्याचें २०२० सालीं जाहीर केलें, पण एप्रिल २०२५ मध्यें निवड वापरणाऱ्यावरच ठेविली. ज्याचें उत्पन्न जाहिरातीवर चालतें त्यानें आपण होऊन कुंपण घालावें, ही अपेक्षाच फोल होय.

कोणी म्हणेल कीं, आमच्यापाशीं लपविण्यासारखें आहे काय? सातबारा तर कोणासही पाहतां येतो. आमच्या मतें खरी भीति येथेंच आहे. जमीन कोणाची हें उघड आहे; नड कोणास आहे हें उघड नव्हतें. पुणें जवळ असल्यामुळें ह्या खोऱ्यांतील जमिनीवर शहरवासीयांची नजर असते. ज्याची नड समोरच्यास आधीं कळली तो पडत्या भावानें देतो, हें आडत्याकडे माल नेणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. मालकीची नोंद व कर्जाच्या शोधाची नोंद ज्याच्या हातीं एकत्र आल्या, त्याच्यापुढें आपण सौद्यास बसण्यापूर्वींच निम्मे हरलेले असूं.

‘इनकॉग्निटो’ खिडकी उघडली म्हणजे आपण अदृश्य झालों, असाही एक भ्रम आहे. त्या खिडकीनें आपल्या यंत्रावर भेटींची यादी उरत नाहीं, एवढेंच. पाहिलेल्या स्थळास व जोडणी पुरविणाऱ्यास आपली चाहूल लागतेच. याच समजुतीवरून अमेरिकेंत २०२० सालीं गूगलवर दावा झाला, आणि २०२४ सालीं तिनें जुन्या नोंदी नष्ट करण्याचें कबूल केलें.

कायदा आपल्या बाजूस येऊं लागला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या कायद्यान्वयें माहिती घेण्यास दिलेली संमति मोकळी व समजून दिलेली असली पाहिजे, आणि तिची सूचना मराठींतही मिळण्याची सोय पाहिजे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले असून त्यांतील मुख्य बंधनांस अठरा महिन्यांची मुदत आहे. परंतु कायदा झाला म्हणून कोणी शेताची राखण सोडीत नाहीं.

करावयाचें तें अवघड नाहीं. ब्राउझरच्या सेटिंगमध्यें परक्या कुकी बंद कराव्या. कोणकोणत्या स्थळांस ठिकाणाची परवानगी दिली आहे तें पाहून नको ती काढून घ्यावी. सेवा केंद्राच्या संगणकावर परवलीचा शब्द साठवूं देऊं नये, आणि उठण्यापूर्वीं खात्यांतून बाहेर पडावें. तथापि हें एकट्यादुकट्यावर सोडणें आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. सातबारा वाचावयास वडील माणसांनीं आपणांस शिकविलें. तद्वत् हें नवें दप्तर वाचण्याचें शिक्षण संघाच्या सभेंत अर्धा तास काढून देतां येईल, आणि घरांतील शिकलेल्या मुलामुलींस त्या कामीं पुढें करतां येईल. जमिनीची राखण बांधावर होते तशी आतां हातांतील यंत्रावरही झाली पाहिजे.