फुकट अंक मागणारांस

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ खेड्यात राहून साहित्याचे त्रैमासिक चालवितात. मागे बाजारच्या दिवशी ते भेटले तेव्हा पिशवीत नव्या अंकाच्या दहा-बारा प्रती होत्या. चहाच्या दुकानात बसलो, तो पाऊण तासात पिशवी रिकामी! जो आला त्याने अंक चाळला, ‘मोठे कार्य चालविले आहे’ म्हणून पाठ थोपटली आणि अंक काखोटीस मारून चालता झाला. किंमत मलपृष्ठावर छापलेली होती. ती एकानेही विचारली नाही. चहाचे पैसेदेखील संपादकांनीच दिले.

हे दुखणे जुने आहे. कृष्णराव भालेकरांनी 1877 साली पुण्यात ‘दीनबंधु’ काढला. पुढे तोटा सोसवेना, तेव्हा 1880 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईस नेऊन चालविला. भालेकरांचेच पुत्र, पाटलांच्या घरी दत्तक गेलेले मुकुंदराव, यांनी 1910 साली ‘दीनमित्र’ सुरू केला आणि नगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यातून पन्नासाहून अधिक वर्षे चालविला. ही तर वृत्तपत्रे. बाजारभावासाठी का होईना, माणूस पत्र विकत घेतो. कवितेसाठी गाठ कोण सोडतो?

म्हणूनच 1960 नंतर मुंबई-औरंगाबादेकडच्या तरुणांनी आपले छोटे अंक काढले तेव्हा त्यांना ‘अनियतकालिके’ असेच नाव पडले. पैसे जमले की अंक निघे. न जमले तर नाही. कित्येक अंक चक्रमुद्रित, शाई हाताला लागणारे. परंतु नामदेव ढसाळ, राजा ढाले यांच्यासारखी माणसे असल्याच अंकांतून पुढे आली. त्याच दशकाच्या अखेरीस औरंगाबादेत प्रा. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हाती घेतले. मास्तरकी सांभाळून त्यांनी ते चालविले आणि ज्यांच्या घरात पूर्वी कोणी लेखणी धरली नव्हती अशा कितीकांचे पहिले लिखाण छापले. आणि ‘सत्यकथा’? एवढे नावाजलेले मासिक, पण तेही 1982 साली बंद पडले. तेव्हा मजकूर उत्तम असला म्हणजे मासिक आपोआप जगते, हा भ्रम सोडावा.

कोणी म्हणेल, आता मोबाईलवर सारे फुकट वाचावयास मिळते, मग हा खटाटोप कशाला? त्यास एक हकीकत सांगतो. एका कुंभाराच्या मुलाने बापावर गोष्ट लिहून शहरातल्या एका मोठ्या अंकाकडे धाडली. तेथे ती छापली, पण ‘आवा’ होता तेथे सर्वत्र ‘भट्टी’ करून! पोराने अंक बापाला वाचून दाखविला तर बाप म्हणाला, ‘ही लोहाराची गोष्ट दिसते.’ दुसरी गोष्ट त्याने आमच्या वरील गृहस्थांकडे दिली. त्यांनी ती तीनदा परत पाठविली. शेवट सैल आहे म्हणाले, मडकी कच्ची का राहिली ते लिही म्हणाले. आवा मात्र आवाच राहू दिला. मोबाईलवर शाबासकीचे अंगठे पुष्कळ मिळतात, पण कोणी तीनदा परत पाठवीत नाही. ज्याला आपला शब्द ठाऊक आहे असा संपादक हवा असेल, तर त्याचे घर कोणी चालवावयाचे?

धनिकाकडून देणगी घ्यावी, असे काही शहाणे सुचवितात. घ्यावी खुशाल, पण देणगीदाराच्या मुलाची कवितादेखील पहिल्या पानावर घ्यावी लागते, हेही ध्यानात असू द्यावे!

आता हिशेब पाहा. समजा, तीनशे वर्गणीदार आहेत आणि वर्षाची वर्गणी 300 रुपये. झाले 90,000. त्यात चार अंक काढावयाचे, म्हणजे अंकामागे 22,500. कागद, छपाई, टपालहशील सारे त्यात. शंभर जणांनी वर्गणी थकविली की 30,000 गेले, म्हणजे एक अंक बुडाला आणि दुसऱ्यालाही भोक पडले. त्यात 2024 च्या डिसेंबरात टपालखात्याने छापील पुस्तके रजिस्टर बुकपोस्टाने स्वस्तात धाडण्याची जुनी सोय बंद केली. लग्नाच्या वाजंत्रीत एका रात्री आपण जे उधळतो, त्यात असली किती वर्षे निघतील ते ज्याने त्याने आपल्या घरी मोजावे.

आमचीही गोष्ट लपवीत नाही. या गृहस्थांच्या त्रैमासिकाचा पुढचा अंक आम्हांस आला नाही, तेव्हा रागाने फोन केला. ते भिडस्तपणे म्हणाले, ‘आपली वर्गणी दोन वर्षांची राहिली आहे, म्हणून नाव काढावे लागले.’ सहाशे रुपये त्याच सायंकाळी पाठविले. पण अंक तोवर संपला होता, आणि कुंभाराच्या मुलाची गोष्ट नेमकी त्याच अंकात आली होती. ती वाचण्यासाठी शेजारगावच्या वाचनालयात सायकल मारीत जावे लागले.