बर्फ लावा, पण कसा?

अक्कलदाढेचं किंवा जबड्याचं ऑपरेशन झालं की घरी सोडताना एक वाक्य हमखास कानावर पडतं, "बर्फ लावत राहा." बस्स. किती वेळ, किती दिवस, काही नाही. घरी आल्यावर दुसरं वाक्य तयारच असतं, "सुजलंय ना, मग चांगला गरम शेक दे." या दोघांच्या मध्ये बिचारा पेशंट गाल धरून बसलेला!

माझं स्पष्ट मत आहे की या बाबतीत आपण फार निष्काळजी आहोत. औषधाच्या गोळीला 'दिवसातून दोनदा, जेवणानंतर' असं सांगतो. मग बर्फालाच मात्रा का नसावी?

थोडं कारण समजून घेऊ. कापलं, टाके घातले की त्या जागेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव आजूबाजूला झिरपतो, ती सूज. गारव्याने वाहिन्या आकसतात आणि वेदनेचा निरोप नेणाऱ्या नसाही मंदावतात. चेहऱ्याची सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते. म्हणूनच बर्फाचा खरा काळ पहिले २४ ते ४८ तास. त्या वेळी गरम शेक दिला तर उलटच होतं. मात्र दोन दिवसांनंतर जबडा आखडला असेल तर ओला कोमट शेक बरा वाटतो. म्हणजे आजीबाईंचा शेक चुकीचा नव्हे, त्याची वेळ चुकते!

आता पद्धत. बर्फ पातळ रुमालात गुंडाळून १५-२० मिनिटं, मग तेवढीच विश्रांती. फ्रीजरमधली मटारची पिशवीही चालते, गालावर छान बसते. थेट त्वचेवर मात्र बर्फ कधीच नको. दाढेच्या इंजेक्शनने गाल काही तास बधिर असतो, त्वचा जळू लागली तरी पेशंटला कळत नाही. शेजारी बसणाऱ्याने घड्याळ बघावं. आणि त्वचेचा तुकडा एका जागेहून दुसरीकडे लावला असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय बर्फ लावूच नये, कारण त्या तुकड्याला रक्तपुरवठा हवा असतो.

माझ्या भाचीचं जबड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलने सूचनांचा कागद दिला होता, पण सगळा इंग्रजीत. रात्री तिच्याजवळ बसणार होत्या तिच्या सासूबाई, आणि त्यांना इंग्रजी येत नाही. शेवटी मी तो मराठीत मोठ्या अक्षरांत उतरवून फ्रीजवर चिकटवला. अर्ध्या पानाचं काम! तेवढं हॉस्पिटलला जड जावं?

बर्फ म्हणजे जादू मात्र नव्हे. दाढेच्या ऑपरेशननंतरच्या अभ्यासांत काहींना वेदना कमी झाल्याचं दिसलं, सुजेतला फरक थोडाच, आणि सर्वांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. खेळाडूंच्या दुखापतीसाठी विश्रांती, बर्फ, दाब आणि अवयव उंच ठेवणं हे सूत्र डॉ. गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ साली मांडलं. पुढे २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फामुळे दुखापत भरून यायला उशीर लागू शकतो. स्वतःचं गाजलेलं सूत्र जाहीरपणे तपासणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. पण मुखवट्यासारखा पॅक बांधून त्यातून साधारण १५ अंशांचं पाणी फिरवण्याची पद्धतही जबड्याच्या शस्त्रक्रियांनंतर वापरली जाते. तेव्हा माझ्या मते बर्फ आरामासाठी जरूर लावावा, त्याच्याकडून बरं होण्याची अपेक्षा ठेवू नये.

खरा धोका वेगळाच आहे. बर्फ लावतोय ना, मग बरं होईलच, असं म्हणून माणसं थांबतात. तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढतच असेल, ताप आला, पू दिसला, तोंड उघडेनासं झालं तर डॉक्टरांना फोन करा. आणि गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर फोनवर बोलत न बसता तडक हॉस्पिटल गाठा.

तेव्हा वाचकहो, डिस्चार्जच्या वेळी चार प्रश्न विचारून घ्या: किती वेळ, किती दिवस, कुठे नको, आणि कधी परत यायचं? उत्तरं लिहून घ्या. डॉक्टर घाईत असतील, असू देत. रात्री दोन वाजता तो कागदच उपयोगी पडतो.