सुरीची परीक्षा आणि सात दिवसांची मुदत

गेल्या महिन्यात विळीवर लिहिलं होतं. त्यावर भाच्या-पुतण्यांचे आणि दोन-तीन ब्लॉगमित्रांचे एकाच अर्थाचे प्रश्न आले. ऑनलाइन हल्ली हाताने घडवलेल्या सुऱ्या तीनशे-चारशे रुपयांत मिळतात, त्या कशा असतात? घ्याव्यात का?

माझं मत असं, की जरूर घ्याव्यात, पण फोटो पाहून आणि तारे मोजून घेऊ नयेत. सुरी आपला खरा स्वभाव दाखवते महिना-दीड महिन्याने, आणि ती परत करायची मुदत असते बहुधा सात दिवसांची, फार तर दहा. सगळी गोम या दोन आकड्यांमध्ये आहे. पहिल्या दिवशी कुठलीही सुरी टोमॅटो सुरेख कापते. पत्र्याची पट्टी चाकावर घासून दिली तरी पहिल्या दिवशी कापेल. त्याच दिवशी लोक पाच तारे देऊन मोकळे होतात. जरा वाचून पाहा ते अभिप्राय. "पॅकिंग छान", "वेळेवर आली", "दिसायला मस्त", "मिस्टरांना आवडली". तीन महिन्यांनी परत येऊन "धार अजून आहे" किंवा "गेली" असं लिहिणारा शंभरात एखादा. मी आता फक्त तोच शोधते.

धार असणं आणि धार टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धार काढता येते कुणालाही. ती टिकते लोखंडाच्या जातीवर आणि त्याला दिलेल्या पाण्यावर. हे मला कळायचं कारण म्हणजे आमचे हे सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. मी बी.ए. मराठी, लोखंडाशी माझा संबंध विळीपुरता. पण तीस-पस्तीस वर्षं जेवताना तेच ऐकलं तर काही ना काही डोक्यात राहतंच. आमच्या घरी कपाटात पुस्तकं आणि खोक्यात कानशी असा संसार होता. ते गेले, पण खोकं अजून आहे.

तर पाणी. आपल्या भाषेत हत्याराला पाणी पाजतात, आणि एखाद्याचं पाणीही जोखतात. हत्याराचं आणि माणसाचं पाणी भाषेने एकाच शब्दात ठेवलंय, हे वर्गात मुलांना सांगताना मला नेहमी मजा वाटायची. हे पाणी देतात कसं ते मी पेठ रोडच्या कडेला पालं टाकून बसलेल्या घिसाड्यांकडे कितीतरी वेळा उभी राहून पाहिलंय. ट्रकचा जुना कमानपाटा घ्यायचा, तापवून छिन्नीने तुकडा तोडायचा. पुरुष सांडशीत धरतो आणि समोर उभी राहून घण मारते ती त्याची बायको. लेकरू शेजारी झोळीत. कमानपाट्याच्या पोलादात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो, म्हणून त्याला पाणी धरतं. खिडकीच्या गजाचं किंवा साध्या पट्टीचं जे मऊ लोखंड, त्यात कार्बन पाव टक्क्याहूनही कमी, त्याला कितीही पाणी पाजा, ते मऊच.

पातं लालबुंद झालं की बुडवायचं. किती लाल, ते घिसाडी डोळ्यांनी ठरवतो, म्हणून तो हे काम सावलीत करतो, उन्हात रंग फसवतो. (कारखान्यात भट्टीवर आकडा दिसतो. लोहचुंबकानेही कळतं. साधारण ७७० अंशांच्या वर लोखंड चुंबकाला चिकटत नाही. पातं त्याहून थोडं आणखी तापलं की बुडवायचं.) बुडवलेलं पातं कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून त्याला पुन्हा हलकी ऊब द्यायची. घासून चकचकीत केलेल्या भागावर तेव्हा रंग चढत जातात. आधी फिकट गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. २२० ते ३०० अंशांच्या मधला हा सगळा खेळ. सुरीसाठी पिवळ्या-तपकिरीवर थांबायचं. निळ्यापर्यंत गेलं तर स्प्रिंगसारखं लवचीक होतं, पण धार लवकर बसते. सुरीची सगळी लायकी या दोन-चार मिनिटांत ठरते, आणि त्यातलं काहीही फोटोत दिसत नाही.

फोटोत दिसतं ते वेगळंच. हातोड्याचे ठोके, काळी पाठ, ओबडधोबड मूठ. हे सगळं "हातघडाई" दिसावं म्हणून मुद्दाम करता येतं. साध्या पत्र्यावर यंत्राने ठोक्यांचे ठसे उठवायचे आणि वर काळा रंग मारायचा. बरं, ठोके खरे असले तरी काय? ठोक्यांनी कांदा कापला जात नाही. हाताने केलेलं म्हणजे चांगलंच, ही आपली एक हळवी समजूत आहे. हाताने वाईटही करता येतं. कारखान्यात छापलेली, स्टेनलेसची, शंभर रुपयांची साधी सुरी या नकली हातघडाईपेक्षा कितीतरी प्रामाणिक असते. ती निदान नाटक करत नाही.

माझ्या भाचीने तीन सुऱ्या मागवल्या आणि परतीची मुदत संपायच्या आत "मावशी, तू सांग" म्हणून माझ्या टेबलावर आणून टाकल्या. एक काळी, ठोक्यांची, "हाय कार्बन" लिहिलेली. दुसरी अगदी कुरूप, बाभळीच्या लाकडाची मूठ, पाठ एका ठिकाणी जाड, एका ठिकाणी बारीक. तिसरी लाटालाटांची नक्षी असलेली, "दमास्कस".

पहिल्यांदा तिन्ही डोळ्यासमोर आडव्या धरून पाठीवरून नजर टाकली, बंदूक रोखतात तशी. पातं वाकडं असेल तर इथेच दिसतं. मग खिडकीजवळ नेऊन धारेचा काठ पाहिला. धारेलगत निळसर-जांभळी झाक असेल तर ती सुरी तिथेच संपली. कोरड्या चाकावर घाईने घासताना धार तापली आणि दिलेलं पाणी उतरलं, असा त्याचा अर्थ. चांगल्या पोलादाची, चांगलं पाणी दिलेली सुरीसुद्धा शेवटच्या पाच मिनिटांत अशी वाया जाते. तशी झाक एकीवरही नव्हती.

मग खोक्यातली बारीक कानस काढली. ही परीक्षा सगळ्यात जुनी आणि माझ्या मते सगळ्यात खरी. मुठीजवळ धारेचं जे शेवटचं टोक असतं, जे कापायला फारसं लागत नाही, तिथे कानस अगदी हलक्या हाताने एकदा फिरवायची. पातं कडक असेल तर कानस सटकते, काचेवरून गेल्यासारखी, आवाजही वेगळा येतो. मऊ असेल तर ती चावते, हाताला कळतं. काळ्या सुरीवर कानस खिळ्यावर चालावी तशी चावली. कुरूप सुरीवरून घसरली. दमास्कसवर थोडी घसरली, थोडी चावली. "मावशी, ओरखडा उठला तर परत घेतील का?" हा भाचीचा प्रश्न. रास्त आहे. म्हणून टोकालाच, एकदाच आणि हलकं.

चुंबक लावून पाहा असं पुष्कळ जण सांगतात. चुंबकाने एवढंच कळतं, की पातं ताटल्या-वाट्या करतात त्या स्टेनलेसचं नाही. ते पोलाद बहुधा चुंबकाला चिकटत नाही आणि त्याला पाणीही धरत नाही. पण खिडकीचा गजही चुंबकाला चिकटतोच की! त्यापेक्षा कांदा बरा. दोन कांदे कापून पातं न पुसता दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. कार्बन पोलाद असेल तर करडे-निळसर डाग पडतात. ते डाग वाईट नव्हेत, पुढे त्यांचाच एक थर बसतो आणि तांबूस गंजापासून थोडं संरक्षण होतं. "कार्बन" म्हणून विकलेली सुरी कांद्यानंतरही आरशासारखी चकाकत असेल तर विकणाऱ्याला एक प्रश्न विचारायला हरकत नाही.

नक्षीचं थोडं सविस्तर सांगते, कारण लोक त्यावर फार भाळतात. दमास्कस म्हणून ज्या जुन्या तलवारी प्रसिद्ध होत्या, त्यांचं पोलाद पुष्कळदा आपल्या दक्षिणेतून जायचं. उक्कू म्हणतात ते. तेलंगणातलं कोनासमुद्रम हे त्याचं एक मोठं गाव होतं. आज ज्याला दमास्कस म्हणून विकतात ते दोन जातींचं पोलाद थरावर थर घडवून, आम्लात बुडवून नक्षी उठवलेलं असतं. तेही चांगलंच, पण त्यात मेहनत फार, आणि ती चारशे रुपयांत होत नाही. खरी नक्षी पात्याच्या अंगातच असते, म्हणून पाठीवरही दिसते. घासली तर फिकट होते, आम्लात बुडवली की परत येते. आमच्या तिसऱ्या सुरीची पाठ कोरी होती. लिंबू, मीठ आणि काथ्याने घासल्यावर कडेची एक लाट गेली. भाचीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण खाली स्टेनलेस बरं निघालं, म्हणून ती सुरी तिने ठेवून घेतली. "फोटोत छान येते," म्हणाली. काळी परत गेली.

आता माझी खरी तक्रार. ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० साली ऑनलाइन विक्रीचे नियम आले. विक्रेत्याचं नाव, पत्ता, वस्तू कोणत्या देशातली, हे सांगणं आलं. विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून आपल्याच मालाची स्तुती लिहायची नाही, हेही आलं. चांगलं झालं. पण सुरीच्या पानावर जे हवं तेच बहुतेकदा नसतं. पोलाद कुठल्या जातीचं? पाणी कसं दिलं? कडकपणाचा आकडा किती? आणि "हाताने घडवलेली" म्हणता तर कुणाच्या हाताने? विक्रेता सापडतो, घडवणारा सापडत नाही. हात विकायला काढलेत आणि माणूस गाळलाय.

हे मला का टोचतं, ते सांगते. आमच्या निफाड-चांदवडकडे उन्हाळ कांदा निघतो तेव्हा बायका विळ्याने पात कापत बसतात. हातातला विळा बसला की काम मागे पडतं, आणि काम उक्तं असलं तर मजुरीही. या बायका विळा घेताना काय करतात पाहा. बोटाने टिचकी मारून आवाज ऐकतात, अंगठ्याच्या नखावर धार टेकवतात. टेकली तर ठीक, घसरली तर परत. आणि मग विकणाऱ्याकडे नीट बघून घेतात. आमच्याकडे गंगेवर बुधवारचा बाजार भरतो. तिथे विळे-कोयते घेऊन बसणाऱ्याला पुढच्या बुधवारी त्याच जागी बसायचं असतं. विळा वाकला तर ती बाई चार जणींसमोर तो त्याच्या पुढ्यात टाकणार, हे त्याला माहीत असतं. त्याची परतीची मुदत जन्मभराची. पाच तारे नाहीत, पण चार जणी आहेत!

आणि त्या माणसाशी आपण दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. ऑनलाइन मात्र वरची किंमत खोडून खालची दाखवली की निमूट पैसे भरतो. माझ्यासमोर एका सुशिक्षित गृहस्थांनी घिसाडणीला सांगितलं होतं, "याहून स्वस्त तर मोबाईलवर मिळते." ती काही बोलली नाही. तिने घण उचलला. घिसाडी महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडतात. त्यांच्या पोरांना शाळेत बसवताना काय यातायात होते ते मी नोकरीत असताना पाहिलंय. पाल हललं की पटावरचं नाव गेलं. ती पोरं शिकून दुसरं काही करतील आणि करावंच. पण जोवर त्यांचे आईबाप ही विद्या चालवताहेत तोवर तिचा भाव पत्र्यावर ठसे मारणाऱ्याने ठरवावा, हे मला मान्य नाही.

ऑनलाइनवर माझा राग नाही. ती कुरूप सुरी ऑनलाइनच आली होती, आणि आज अडीच महिने भाचीकडे रोज वापरात आहे. मी गेल्या आठवड्यात तिच्याकडे गेले तेव्हा लाल भोपळा कापून पाहिला. उजेडात धार पाहिली, कुठे चकाकणारा ठिपका नाही (चकाकली म्हणजे दुमडली), कुठे दात पडलेला नाही. तिच्या मुठीत मात्र एका बाजूला फट होती. त्यात पाणी जाऊन आतून गंजते, म्हणून लाख वितळवून ती बुजवली. खोक्यात तीही होती.

त्या सुरीच्या पानावर भाचीने आता, अडीच महिन्यांनी, अभिप्राय लिहिलाय. चार तारे. एक मुठीचा कापला.

एक राहिलं. अशी सुरी वापरून झाली की लगेच धुऊन, पुसून, खोबरेलाचं बोट फिरवून ठेवायची. सिंकमध्ये रात्रभर भिजत ठेवायची नाही. हे ज्यांच्या घरी सुना आहेत त्यांनी त्यांना आपापल्या जबाबदारीवर सांगावं. मी सांगणार नाही.