सायकलवरचा पेहराव

लातूर शहर पहाटे जागे होते ते सायकलींच्या घंटीने. गंजगोलाईला मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवरून दूधवाला, पेपरवाला, अडतीवर निघालेला हमाल, पहिल्या पाळीचा कामगार आणि शिकवणीला जाणारी मुले-मुली सायकली मारीत जातात. मधल्या काळात ज्याला जमले त्याने फटफटी घेतली आणि सायकल भंगारात घातली. आता त्यातील काहीजण पुन्हा सायकलकडे वळत आहेत. कुणाला पेट्रोल परवडत नाही, कुणाला डॉक्टरांनी रक्तातील साखर कमी करण्यासाठी व्यायाम सांगितला आहे. चाळिशीत पहिल्यांदाच सायकल शिकणाऱ्या भगिनीही आमच्या पाहण्यात आहेत. ही गोष्ट आनंदाची आहे.

या नव्या सायकलस्वारांपैकी बरेचजण पंधरा दिवसांत सायकल सोडून देतात. कारण विचारले तर पाय दुखले असे कुणी सांगत नाही. मांड्या घासून सोलल्या, पँट चेनमध्ये अडकून फाटली, घामाने सदरा चिकटला, ओढणी चाकात गेली, साडी आवरेना, अशी कारणे निघतात. म्हणजे सायकल सुटते ती कपड्यांपायी. म्हणून आज या साध्या दिसणाऱ्या विषयावर लिहावे असे आम्हाला वाटले.

वस्त्र कशासाठी, हा प्रश्न आपल्या धम्माला नवा नाही. भगवान बुद्धांनी भिक्षूंना चीवर वापरताना त्याचा हेतू ध्यानात ठेवण्यास सांगितले आहे. थंडी, ऊन आणि वारा यांचे निवारण व्हावे, डास-माश्यांपासून संरक्षण मिळावे आणि लज्जारक्षण व्हावे, एवढ्यासाठीच वस्त्र. त्यात नटण्याचा भाग नाही. सायकलवर बसणाऱ्यानेही आपल्या कपड्यांना हाच प्रश्न विचारावा. हा कपडा माझ्या शरीराचे रक्षण करतो की माझ्या कामात आडवा येतो? आडवा येत असेल तर तो कितीही भारी असला तरी सायकलच्या उपयोगाचा नाही.

प्रथम खालच्या कपड्यांकडे पाहू. जाड जीन्स सायकलला वाईट. तिची दोन पायांमधली शिवण जाड असते आणि नेमकी सीटवर येते. चार किलोमीटर गेल्यावर ती काचू लागते. त्यापेक्षा पातळ कापडाची, आसनात सैल आणि पायात निमुळती विजार बरी. शिंप्याकडे शिवायला टाकताना, सायकल चालवायची आहे, आसनात कापड जास्त ठेवा, असे सांगावे. आतला कपडा सुती, अंगाबरोबरचा आणि जाड शिवण नसलेला असावा. तो रोज धुतलेला हवा, कारण घाम वाळून राहिलेल्या कपड्यानेच बहुधा खाज आणि पुरळ उठते. मांड्या घासत असतील तर निघण्यापूर्वी थोडे खोबरेल तेल लावावे.

दुकानात हल्ली गादी लावलेल्या घट्ट चड्ड्या मिळतात. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना त्या उपयोगी पडतात. त्या नुसत्याच घालायच्या असतात, आत दुसरी चड्डी घालायची नसते. ती घातली तर गादीचा उपयोग राहत नाही. पण घरापासून कारखान्यापर्यंत चार-सहा किलोमीटर जाणाऱ्याला त्यांची गरज नाही. त्याने आधी सीटची उंची नीट करावी. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली आणि पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला, म्हणजे उंची बरोबर आहे असे समजावे. सीट चुकीची असेल तर कोणताही कपडा सुख देणार नाही.

चेन उजव्या बाजूला असते, म्हणून सांभाळायचा तो उजवा पाय. जुन्या काळी कारकून आणि मास्तर पँटच्या पायाला पत्र्याची क्लिप लावीत. ती न मिळाल्यास रुंद रबर लावावे किंवा पँट मोज्यात खोचावी. चेनला कव्हर असेल तर ते काढून टाकू नये. पायात स्लीपर नको, ती पायडलवरून निसटते. मागे पट्टा असलेली सँडल किंवा कॅनव्हासचा बूट चांगला. बुटाची नाडी आत खोचलेली असावी.

वरच्या कपड्यांचे म्हणाल तर आपल्या भागातला उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. उघड्या हातांपेक्षा पातळ, सैल, पूर्ण बाह्यांचा फिकट सदरा बरा. सुती कापड घाम शोषते, पण लवकर वाळत नाही. म्हणून कामावर जाणाऱ्याने पिशवीत एक कोरडा बनियन ठेवावा आणि पोहोचल्यावर बदलावा. पातळ सुती-पॉलिस्टर मिश्र कापड लवकर वाळते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरकरांना हे वेगळे सांगायला नको. अर्ध्या बादलीत धुऊन निघेल आणि रात्रीत वाळेल असाच कपडा आपल्या घराला परवडतो.

डोक्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधावा, पण कान पूर्ण झाकू नयेत. मागून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू आला पाहिजे. हेल्मेट मिळाले तर ते अवश्य वापरावे. हिवाळ्यात एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे बरे, अंग तापले की एक काढता येतो. छातीला वारा लागत असेल तर सदऱ्याच्या आत वर्तमानपत्राची घडी ठेवावी, हा जुन्या सायकलस्वारांचा बिनखर्ची उपाय आहे. पावसात एका हातात छत्री धरून सायकल चालवू नये, साधा रेनकोट घ्यावा. रात्रपाळीहून परतणाऱ्याने काळा कपडा टाळावा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपली माणसे पांढरी वस्त्रे नेसून दीक्षेला गेली. तो पांढरा रंग अंधारात गाडीवाल्याला दुरूनच दिसतो.

आता भगिनींविषयी. पंजाबी ड्रेस घालणाऱ्या मुलीने फार घेराची सलवार टाळून चुडीदार किंवा लेगिंग घालावी. कुडता गुडघ्यापर्यंतचा आणि बाजूचा कट पुरेसा उंच असावा, म्हणजे पायडल मारताना ताण पडत नाही. ओढणी खांद्यावरून मोकळी सोडू नये. ती छातीवरून तिरपी घेऊन कमरेला घट्ट गाठ मारावी आणि टोके आत खोचावीत. ही सूचना कोणी हलकी समजू नये. इसाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तकी १९२७ साली फ्रान्समध्ये गळ्यातला लांब रुमाल मोटारीच्या चाकात अडकून मरण पावली. साडी नेसणाऱ्यांनी मागच्या चाकाला जाळी बसवून घ्यावी, पदर कमरेला खोचावा आणि अरुंद परकराऐवजी आत लेगिंग किंवा सलवार घालावी. केसांची वेणी घालावी. पाळीच्या दिवसांत गडद रंगाचा सैल कपडा घालावा. त्रास होत नसेल तर त्या दिवसांत सायकल बंद ठेवण्याचे कारण नाही. सायकल चालविल्याने मुलींच्या शरीराला अपाय होतो, लग्नाला अडचण येते, ही समजूत निखालस खोटी आहे.

हे सारे शिंप्याकडून आणि जाळी बसविणाऱ्या मिस्त्रीकडून होण्यासारखे आहे. जे त्यांच्याकडून होत नाही ते घरातून व्हावे लागते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. २०२२ साली त्याची रक्कम ५,००० रुपये करण्यात आली. अशीच सायकल मिळालेल्या एका मुलीच्या घरी आम्ही गेलो होतो. सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली, वर धुणे वाळत घातलेले. मुलगी चालत शाळेला जाते आणि दमून येते. आजी म्हणाल्या, “पोरीनं टांग टाकून बसावं, अन् ते बी पँट घालून? गल्लीतले लोक नावं ठेवतेत, बाबा.” वडील गप्प होते. मुलगी आमच्याकडे न पाहता वही चाळीत होती. त्या सायकलीला पंक्चर नव्हते, ब्रेकही ठीक होते. अडले होते ते एका पँटवाचून.

आजींचा आम्हाला राग आला नाही. त्यांच्या पिढीने नावे ठेवणारे लोक फार पाहिले आहेत. पण त्यांना आम्ही महाडची आठवण दिली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले की, तुमची लुगडी नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे ते दागिने ही तुमच्या अस्पृश्यपणाची खूण आहे, ती टाकून द्या. कपडे फाटके असले तरी चालतील, पण स्वच्छ असावेत, असेही त्यांनी बजावले. त्या बायांनी लगेच लुगडी पायघोळ नेसली. त्यांनाही गावात नावे ठेवली गेली असतील. त्यांनी ती मनावर घेतली असती तर आज आपण कुठे असतो? आम्ही बाबासाहेबांच्या सांगण्याचा अर्थ असा घेतो की, दुसऱ्याने आपल्याला खाली ठेवण्यासाठी ठरवून दिलेला पेहराव पाळण्याचे बंधन आपल्यावर नाही. त्या वेळी पायघोळ लुगडे ही स्वाभिमानाची खूण होती. आज शाळेला वेळेवर पोहोचविणारी पँट ही त्याच स्वाभिमानाची खूण आहे.

कपड्यांवरून अडविणारे फक्त आपल्याच देशात होते असेही नाही. इंग्लंडमध्ये १८९८ साली लेडी हार्बर्टन नावाच्या प्रतिष्ठित बाई सायकलवरून जाताना सरे परगण्यातील एका हॉटेलात थांबल्या. त्यांनी झग्याऐवजी सायकलला सोयीची ढगळ तुमान घातली होती. हॉटेलवालीने त्यांना कॉफीच्या दालनात बसू दिले नाही, दारू पिणाऱ्यांच्या खोलीकडे बोट दाखविले. सायकलस्वारांच्या संघटनेने खटला भरला आणि १८९९ मध्ये तो हरला. वेगळ्या कपाचा चहा प्यालेल्या आपल्या समाजाला या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. खटला हरला तरी बायांनी सायकल सोडली नाही, आणि पुढे झगाच मागे पडला. आपल्याकडे तामिळनाडूच्या पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीने अक्षरांबरोबर सायकलही शिकविली. १९९२ च्या महिला दिनी तेथे दीड हजारांहून अधिक महिला सायकलींवरून रस्त्यावर उतरल्या. त्यात शेतमजूर होत्या, दगडखाणीत राबणाऱ्या होत्या. लेडीज सायकली मिळेनात तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या आणि मधल्या दांडीवर लेकराला बसविले.

आमची सूचना एवढीच. ज्या शाळेत मुलींना स्कर्टचा गणवेश आहे तेथे पालकांनी सभेत उभे राहून सलवार किंवा पँटची मुभा मागावी. विहारात रविवारच्या वंदनेनंतर शिवणकाम जाणणाऱ्या भगिनींनी तासभर बसून जुन्या कपड्यांतून मुलींना सायकलच्या सोयीची विजार शिवून द्यावी, त्याला दोऱ्याएवढाच खर्च येईल. आणि घरातील कर्त्या पुरुषाने गप्प बसू नये. मुलगी पँट घालून सायकलवर निघाली की बापाने दारात उभे राहून तिला निरोप द्यावा. तेवढे गल्लीने पाहिले तरी निम्मी तोंडे बंद होतील.

जय भीम.