‘दर्पण’च्या आधीचे दार

रत्नागिरी म्हटले की मुंबईचा माणूस हापूस म्हणतो. फार तर लोकमान्यांचे जन्मगाव म्हणतो, थिबा राजाचा वाडा म्हणतो. आम्ही म्हणतो, अहो, वाचनालय म्हणा! रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. पेशवाई बुडून तेव्हा दहाच वर्षे झाली होती. मोल्सवर्थचा मराठी कोश निघायला तीन वर्षे अवकाश होता, आणि कोकणातल्याच पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांचा ‘दर्पण’ निघायला चार. मराठीत वर्तमानपत्र नव्हते त्या दिवसांत या बंदरात वाचनालयाचे दार उघडले होते! पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी त्यानंतर वीस वर्षांनी आली. बेळगावचे सार्वजनिक वाचनालयही १८४८ सालचेच.

पण नुसत्या वयाचा डौल काय कामाचा? छापील मराठी पुस्तके तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी. त्या काळची वाचनालये आधी साहेबाची आणि इंग्रजी शिकलेल्यांची होती, हे कबूल करायला लाज कसली? ती मराठी वाचकाची झाली ती हळूहळू, आणि सगळ्यांची झाली का, हा सवाल अजून उभाच आहे. याच गावात सर्व जातींसाठी पतितपावन मंदिर उभे राहायला १९३१ साल उजाडावे लागले. देवळाला लावलेली कसोटी वाचनालयाला का लावू नये? वर्गणी ज्याला झेपत नाही, त्या खलाशाच्या पोराने पुस्तक कुठून आणायचे?

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले. ग्रंथालय कायदा १९६७ साली. कायद्याने मान्यता मिळाली, अनुदान मिळाले. पण मद्रासने १९४८ साली आणि शेजारच्या म्हैसूरने १९६५ साली कायद्यातच ग्रंथालय कर घातला, तो आपण घातला नाही. म्हणून आपली वाचनालये सरकारी अनुदानाकडे डोळे लावून बसतात. अनुदान लांबले की आधी ग्रंथपालाचा पगार लांबतो, मग पुस्तकांची खरेदी.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले. आम्हीही खाल्ले, खोटे कशाला बोला! आता मते मागायला जो दारात येईल, त्याला तुम्ही एवढेच विचारा: ग्रंथालय कर कधी? शाळकरी पोरांना वाचनालय फुकट कधी? आणि तो उलटून विचारील की तुमची स्वतःची वर्गणी भरलीत का, तेव्हा दाखवायला पावती खिशात असू द्या.