मक्ता आणि मोकळीक

यंदाचा अंक वाचकांच्या हाती देताना विद्यापीठीय संशोधन आणि बाजारपेठ यांच्या संबंधाविषयी काही लिहावे असे मनात आले, आणि तो विषय निघाला की टोरांटो विद्यापीठाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. १९२२ च्या जानेवारीत तेथे इन्शुलिनने एका मरणोन्मुख मधुमेही मुलास जीवदान दिले, आणि वर्षभराने बँटिंग, बेस्ट व कॉलिप या तिघा संशोधकांनी आपले पेटंट प्रत्येकी एका डॉलरच्या नाममात्र मोबदल्यात विद्यापीठाच्या स्वाधीन केले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मात्र या औदार्याचे गोडवे गाणाऱ्यांस त्याभोवतीच्या खटपटीचा बहुधा विसर पडतो.

दानपत्राने औषध तयार होत नाही. प्रयोगशाळेत कॉलिपच्या हाती वश झालेला अर्क मोठ्या प्रमाणावर काढू जाता साधेनासा झाला, रुग्ण दाराशी ताटकळत राहिले, आणि निरुपायाने १९२२ च्या मे महिन्यात इंडियानापोलिसच्या लिली कंपनीशी करारनामा करावा लागला : अमेरिकेपुरता एक वर्षाचा मक्ता कंपनीस, आणि त्या बदल्यात ज्ञानाची परस्पर देवघेव. वर्ष सरण्यापूर्वीच कंपनीच्या वॉल्डेन नामक रसायनज्ञाने आम्लतेचे प्रमाण साधून अधिक शुद्ध इन्शुलिन काढण्याची युक्ती शोधली, व तिचे पेटंट आपल्या नावे घेण्याचा मनसुबा कंपनीने जाहीर केला. विद्यापीठाने पेटंट घेतले ते धनलोभाने नव्हे, तर दुसऱ्या कोणी ते घेऊन दार लावू नये म्हणून. आणि आता मित्रच कडी घालू पाहत होता! वाटाघाटी कडू झाल्या, तरी मुदत संपताच अमेरिकेतील इतर कारखान्यांसही परवाने मिळाले.

इंग्लंडचे हक्क तेथील मेडिकल रिसर्च कौन्सिलकडे गेले. डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग, ज्यांची डॉक्टर पत्नी स्वतः मधुमेहाने ग्रस्त होती, १९२२ च्या अखेरीस टोरांटोस जाऊन इन्शुलिन बनविण्याची अनुमती घेऊन परतले, आणि त्यातून नॉर्डिस्क संस्था उभी राहिली.

आमच्याकडे हल्ली विद्यापीठे किती पेटंटे घेतली याची जंत्री मोठ्या हौसेने छापतात. परवाना कोणास, किती मुदतीचा, आणि परवानेदाराने माल काढलाच नाही तर तो परत घेण्याची तजवीज काय, ही कलमे त्या जंत्रीत आम्हांस हवी आहेत. अशा अटींचे मोल टोरांटोच्याच उदाहरणात दिसते : लिलीने आपल्या मालास ‘इलेटिन’ हे खासगी नाव दिले खरे. पण बाटलीवर त्याशेजारी कंसात ‘इन्शुलिन, लिली’ असेही छापावे लागत होते.