रस्त्याकडेच्या गवताचे काम

जूनच्या पहिल्या सरीत महामार्गाच्या कडेला थांबून खाली पाहावे. डांबरावरून येणारे पाणी सुरुवातीला काळपट असते आणि त्यावर तेलाचा सप्तरंगी तवंग असतो. आठ कोरड्या महिन्यांत रस्त्यावर साचलेले सारे त्यात उतरलेले असते: टायरचे झिजलेले रबर, त्यातले जस्त, ब्रेकमधले तांबे, गळलेले इंजिन ऑइल. सिमेंटचे गटार हे सगळे झटपट ओढ्यात नेऊन सोडते. रस्ता कोरडा होतो, पण ओढ्याचे काय?

अमेरिकेत सिएटलच्या परिसरात हा प्रश्न माशांमुळे पुढे आला. समुद्रातून अंडी घालायला परतणारे कोहो सामन मासे पावसानंतर ओढ्यांत अंडी न घालताच मरत. त्याचा उलगडा २०२० मध्ये झाला. टायर लवकर तडकू नयेत म्हणून रबरात मिसळलेल्या रसायनाचा हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन माशांना मारणारे विष तयार होत होते. त्याच्या आधीच तिथल्या संशोधकांनी महामार्गाचे पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून पाहिले होते. न गाळलेल्या पाण्यातले मासे मेले, गाळलेल्या पाण्यातले जगले.

तेच काम रस्त्याकडेला सोप्या रीतीने करणारा उपाय म्हणजे गवताचा गाळणपट्टा. साइडपट्टीला लागून सौम्य उताराची, दाट गवताची जमीन ठेवायची आणि पाणी तिच्यावरून सावकाश जाऊ द्यायचे. वेग मंदावला की गाळ खाली बसतो, त्याला चिकटलेले धातूही बसतात आणि काही पाणी जमिनीत मुरते. मात्र पाणी पातळ थराने, पसरून आले पाहिजे. एका जागी ओहळ धरला की ते गवत आडवे करून निघून जाते. दोन-तीन पावसाळ्यांत डांबराच्या कडेला गाळाचा छोटा बांध तयार होतो आणि पाणी नेमके तिथेच तुंबून फुटते. तो बांध वेळच्या वेळी खरवडणे ही या पट्ट्याची खरी देखभाल.

कॅलिफोर्नियाच्या परिवहन खात्याने महामार्गांलगत अशा पट्ट्यांची मोजणी केली. सौम्य उतारावर चार-पाच मीटर रुंदीतच गाळ आणि धातू बरेच कमी झाले. नत्र आणि स्फुरद मात्र हटले नाहीत, म्हणून या उपायाकडून सगळ्याची अपेक्षा करू नये. गवताचे आच्छादन ८० टक्क्यांखाली गेले की परिणाम झपाट्याने घसरला आणि ६५ टक्क्यांखाली तो जवळपास उरलाच नाही.

हे आकडे आपल्यासाठी फार महत्त्वाचे आहेत. आपल्याकडे सर्वांत घाण पाणी जूनमध्ये येते आणि नेमके तेव्हाच गवत सर्वांत दुबळे असते. मे महिन्यात ते वाळलेले असते, कुठे पेटवलेले असते, कुठे पावसाळ्यापूर्वीच्या साफसफाईत जेसीबीने मुळासकट उपटलेले असते. वाळलेले गवतही बुडख्याशी दाट असेल, तर पाणी अडवते. उघडा मुरूम उलट स्वतःच वाहून जातो. म्हणून इथे हवीत ती उन्हाळा काढणारी, बहुवर्षायू देशी गवते: हरळी, मारवेल, ओलीच्या जागी वाळा. आणि हे गवत जनावरांच्या वैरणीसाठी नेऊ देऊ नये, कारण त्याच्या मुळाशी काय साचते ते आपल्याला ठाऊक आहे.

केंद्राच्या २०१५ च्या हरित महामार्ग धोरणाने प्रकल्पखर्चाचा एक टक्का लागवडीसाठी ठेवला. ती लागवड हवीच. पण दुभाजकातली कण्हेर आणि बोगनवेल कर्बच्या दगडांमागे उंचावर असते, रस्त्याचे पाणी तिच्यापर्यंत पोहोचतही नाही. गवताचा पट्टा सुशोभीकरणात न मोजता पाण्याच्या निचऱ्याच्या अंदाजपत्रकात धरला, तर त्याचा उतार मोजला जाईल आणि तो कुणाच्या जबाबदारीत आहे हेही ठरेल. घाटात किंवा दाट वस्तीत त्याला जागा नाही. सपाटीवरच्या लांबच लांब महामार्गांवर ती भरपूर आहे, आणि तिथे सुरुवात करायला देखभालीच्या करारातली एक ओळ बदलली तरी पुरे: मे महिन्यात गवत उपटू किंवा जाळू नये, वीतभर ठेवून कापावे.